द्यूतसभा आणि तिचा अध्यक्ष : प्राचीन वाङ्मयातील एका प्रश्नाचा विचार

१

भारतीय वाङ्मयात द्यूताची निंदा विपुल आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तापासून आधुनिक मराठी नाटकापर्यंत जुगारी हा दयेचा, उपहासाचा किंवा उपदेशाचा विषय होत आला आहे. या निंदेचा अभ्यासही पुष्कळ झाला आहे. परंतु तिच्या आड एक दुसरा प्रश्न झाकला गेला आहे. द्यूत खेळणाऱ्याचे काय व्हावे, एवढेच या वाङ्मयाने विचारलेले नाही; द्यूत चालवितो कोण, त्यावर देखरेख कोणाची, आणि देखरेख करणाऱ्याचाच डावात वाटा असेल तर न्याय मागावा कोणाकडे, हेही त्याने विचारले आहे. आजच्या राज्यशास्त्राच्या भाषेत हा सत्ताधाऱ्यांच्या हितसंबंधांचा आणि स्वतंत्र नियंत्रणाचा प्रश्न होय. तो आधुनिक आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात महाभारताचे सभापर्व, कौटिलीय अर्थशास्त्र, स्मृतिग्रंथ आणि मृच्छकटिक यांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, हा प्रश्न आपल्या परंपरेत स्पष्टपणे मांडला गेला होता आणि त्याची परस्परांहून भिन्न अशी उत्तरेही दिली गेली होती.

आरंभीच ‘सभा’ या शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. वैदिक वाङ्मयात सभा ही विचारविनिमयाची जागा आहे, तशीच ती फासे खेळण्याचीही जागा आहे. अक्षसूक्तातील जुगारी आज आपण जिंकणार का, असे मनाशी घोळवीत जातो तो सभेतच. वाजसनेयी संहितेतील पुरुषमेधाच्या यादीत ‘सभास्थाणु’ असा शब्द येतो. सभेच्या खांबासारखा तेथून न हलणारा जुगारी असा त्याचा अर्थ लावला जातो. ज्या छपराखाली निवाडे व्हावयाचे त्याच छपराखाली फासे पडावयाचे, ही वस्तुस्थिती केवळ पुराणवस्तुसंशोधकाच्या कुतूहलाची नाही. न्यायपीठ आणि द्यूतपट यांचे हे सान्निध्य पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

२

राजा आणि द्यूत यांचा संबंध वैदिक काळात विधीच्या पातळीवरही मान्य झालेला होता. राजसूय यज्ञात राजा ज्या ‘रत्नी’ संज्ञक व्यक्तींच्या घरी जाऊन आहुती देतो, त्यांत सेनानी, पुरोहित, महिषी, सूत, ग्रामणी यांच्याबरोबर ‘अक्षावाप’ हाही आहे. अक्षावाप म्हणजे फासे टाकणारा अथवा फाशांची व्यवस्था पाहणारा अधिकारी. राजसूयात पुढे विधिरूप द्यूतही आहे, आणि तेथे राजाच्या हाती पाच फासे ठेविले जातात. त्या खेळात राजाचे यश आधीच ठरलेले असते. तो विधी आहे, स्पर्धा नव्हे.

येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. विधीत राजा हरत नाही, कारण विधीची रचनाच त्याच्या जयासाठी असते. परंतु विधीबाहेर, खऱ्या पणाच्या खेळात, राजा खेळणारा, खेळविणारा आणि निवाडा करणारा अशा तिन्ही भूमिका घेऊ लागला तर काय होते? याचे उत्तर सभापर्वात आहे. आणि सभापर्वातील द्यूत युधिष्ठिराच्या राजसूयानंतरच घडते, हा क्रम केवळ योगायोगाचा मानण्याचे कारण नाही.

३

सभापर्वातील द्यूतप्रसंग बहुधा तीन दृष्टींनी वाचला जातो : शकुनीचे कपट, युधिष्ठिराचे व्यसन आणि द्रौपदीची विटंबना. या तिन्ही दृष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यांच्यामुळे धृतराष्ट्राचे स्थान दुय्यम ठरते. वस्तुतः सर्व प्रसंगाची सूत्रे त्याच्या हाती आहेत. सभा बांधविण्याची आज्ञा त्याची. विदुराचा विरोध ऐकूनही त्यालाच निमंत्रणासाठी इंद्रप्रस्थास पाठविणारा तो. खेळ त्याच्या छत्राखाली आणि त्याच्या उपस्थितीत चालतो; बंद करण्याचा अधिकार त्याला आहे, आणि अखेरीस द्रौपदीला वर देऊन तो अधिकार तो वापरतोही. म्हणजे तो यजमान आहे, राजा आहे, सभेचा श्रेष्ठ आहे. आणि त्याच वेळी खेळणाऱ्या एका पक्षाचा पिता आहे.

महाभारतकाराने ही गोष्ट एका लहानशा तपशिलात पकडली आहे. द्रौपदी पणास लागते तेव्हा सभेतील वृद्ध धिक्कार करतात, विदुर मस्तक धरून खाली बसतो. आणि धृतराष्ट्र मात्र हर्ष लपवू न शकल्याने ‘जिंकले काय?’ असे पुनःपुन्हा विचारतो. फासे त्याला दिसत नाहीत. पण अध्यक्षाच्या अंधत्वाचा खरा अर्थ नेत्रांशी संबंधित नाही, हे या एका प्रश्नात उघड होते. ज्याने खेळ योग्य आहे की नाही हे पाहावयाचे, तो खेळाचा निकाल आपल्या बाजूने लागला की नाही एवढेच पाहत आहे.

खेळाच्या नियमांचा मुद्दाही तेथे उपस्थित झालेला आहे. दुर्योधन सांगतो की, पणाचे धन आपले, फासे मात्र आपल्यासाठी मामा टाकील. एकाने दुसऱ्याकरिता खेळणे आपल्याला विषम वाटते, असे युधिष्ठिर म्हणतो. आक्षेप योग्य होता, पण तो ऐकून निर्णय देणारे त्रयस्थ पीठ तेथे नव्हते. आक्षेप नोंदवून युधिष्ठिर खेळावयास बसतो. देखरेखीचा अभाव किती निमूटपणे आपले काम करतो, याचे हे उदाहरण आहे.

यानंतर द्रौपदीचा प्रश्न येतो. स्वतःला आधी हरलेल्या पुरुषास दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? हा प्रश्न भावनेचा नसून व्यवहाराचा, म्हणजे कायद्याचा आहे. आणि तो सभेला विचारलेला आहे. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळतात. सभेतील राजे दुर्योधनाच्या मुखाकडे पाहत मौन धरतात. बोलतो तो विकर्ण, दुर्योधनाचाच एक धाकटा भाऊ. आणि कर्ण त्याला पोरकट म्हणून गप्प करतो. विदुर आधी बोललेला आहे. पण ज्याचे अन्न खातोस त्याच्याशी वैर करतोस, अशी दुर्योधनाने त्याची निर्भर्त्सना केलेली आहे. भीष्मांच्या मौनाचे कारण स्वतः भीष्मच पुढे युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिराला सांगतात : मनुष्य अर्थाचा दास आहे, अर्थ कोणाचा दास नाही, आणि कौरवांनी आपल्याला अर्थाने बांधून ठेविले आहे. हितसंबंधांमुळे विवेकाचा आवाज कसा बंद होतो, याचे इतके सरळ निवेदन अन्यत्र क्वचितच सापडेल.

४

याच सभेत विदुराने सांगितलेली एक कथा या विषयाच्या अभ्यासकाने विशेष बारकाईने वाचावयास हवी. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरसकुलातील सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद होतो आणि दोघे प्राणांचा पण लावतात. निर्णयासाठी ते प्रल्हादाकडेच जातात. म्हणजे पंच हा एका पक्षाचा पिता आहे. प्रल्हाद गोंधळतो आणि कश्यपाला विचारतो की, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जो देत नाही किंवा खोटे देतो, त्याची गती काय. कश्यप सांगतो की, अशा मनुष्याला वरुणाचे सहस्र पाश जखडतात, आणि वर्षाला त्यांतील एकच पाश सुटतो. अधर्माने विद्ध झालेला धर्म सभेत येतो आणि सभासद त्याचे शल्य काढीत नाहीत, तेव्हा ते स्वतःच विद्ध होतात. त्यानंतर प्रल्हाद आपल्या पुत्राविरुद्ध निर्णय देतो.

ही कथा धृतराष्ट्राच्या सभेतच सांगितली जावी, यात विदुराचे राजकीय चातुर्य आहे. पिता आणि पंच ही दोन नाती एका व्यक्तीत आली, तर पंचाने पित्यावर मात केली पाहिजे, हे तो नाव न घेता सांगतो. उद्योगपर्वातील विदुरनीतीत हीच कथा तो पुन्हा, आणि त्या वेळी थेट धृतराष्ट्राला, ऐकवितो. एकदा सभेला आणि एकदा पित्याला : दोन्ही वेळा ती निष्फळ ठरते.

कथेत पापाच्या वाटणीचा जो हिशेब दिला आहे, तो या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. निंद्य गोष्टीची निंदा न झाल्यास पापाचा अर्धा भाग सभेच्या श्रेष्ठाकडे जातो, एक चतुर्थांश कर्त्याकडे, आणि एक चतुर्थांश मौन धरणाऱ्या सभासदांकडे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेसंबंधी अशीच वाटणी आहे, परंतु तेथे कर्ता, साक्षी, सभासद आणि राजा यांना सारखा चतुर्थांश दिला आहे. सभापर्वाचा हिशेब अधिक कठोर आहे : प्रत्यक्ष अपराध करणाऱ्यापेक्षा तो चालू देणाऱ्या अध्यक्षाचा भार दुप्पट. हे प्रमाण वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण ते एका अगदी वेगळ्या ग्रंथात, वेगळ्या भाषेत, पुन्हा भेटणार आहे.

५

तो ग्रंथ म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्र. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये त्याची संहिता प्रकाशित केली, आणि र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत तिची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर व अभ्यास सिद्ध केला. त्यातील तिसऱ्या अधिकरणाच्या अखेरच्या अध्यायात द्यूत आणि समाह्वय यांचा विचार आहे. निर्जीव साधनांनी खेळावयाचे ते द्यूत, आणि प्राण्यांच्या झुंजी लावून पैजा मारावयाच्या तो समाह्वय, असा भेद मनूने सांगितला आहे.

कौटिल्य द्यूताची निंदा करीत बसत नाही. आठव्या अधिकरणात व्यसनांची तुलना करताना त्याने द्यूताचे दोष पुरते सांगितले आहेत. विशेषतः संघराज्यांत व संघधर्मी राजकुलांत द्यूतामुळे भेद पडून नाश ओढवतो, हे त्याचे निरीक्षण महाभारताच्या वाचकाला सहज पटेल. पण तिसऱ्या अधिकरणात तो व्यवस्थापकाच्या भूमिकेत आहे. द्यूताध्यक्षाने द्यूत एकाच ठिकाणी आणावे. अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड. हेतू असा की, गुप्तपणे उपजीविका करणारे लोक उघडकीस यावेत. फासे व कवड्या अध्यक्षाने पुरवाव्यात आणि त्या शुद्ध असाव्यात. त्या बदलणाऱ्यास बारा पण दंड. कपटाने खेळणाऱ्यास पूर्वसाहसदंड, जिंकलेल्या रकमेची जप्ती, आणि लबाडीबद्दल चोरीचा दंडही. अध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत. शिवाय साधनांचे भाडे, पाणी, जागा आणि परवानगी यांचे शुल्क घ्यावे.

एवढे वाचून अनेकांनी असा निष्कर्ष काढला आहे की, कौटिल्याला द्यूतापासून मिळणारा महसूल हवा होता. निष्कर्ष चूक नाही, पण अपुरा आहे. प्रकरणात दोन स्थळे अशी आहेत की, तेथे महसुलाच्या पलीकडचा विचार दिसतो.

पहिले स्थळ पूर्वाचार्यांशी मतभेदाचे. द्यूतासंबंधी तक्रार आल्यास जेत्याला पूर्वसाहसदंड आणि हरलेल्याला मध्यमसाहसदंड करावा, कारण हरलेला मूर्ख जिंकण्याच्या हव्यासापायी पराजय सहन करीत नाही, असे आचार्यांचे मत. कौटिल्य ते नाकारतो. हरलेल्याला दुप्पट दंड ठेविला तर राजाकडे तक्रार घेऊन येईल कोण, असा त्याचा प्रश्न आहे; आणि जुगारी बहुधा कपटानेच खेळणारे असतात. तक्रारीची वाट खुली राहिली पाहिजे, नाही तर देखरेख ही नाममात्र ठरते, हे तत्त्व येथे आहे. नियंत्रण वरून होत नाही. खालून येणाऱ्या तक्रारीवर ते जगते.

दुसरे स्थळ अधिक महत्त्वाचे आहे. फासे, खेळाची जागा आणि हातचलाखी यांतील दोषांना अध्यक्षाने प्रतिबंध केला नाही, तर त्यालाच दुप्पट दंड सांगितला आहे. सभापर्वातील पापाचा हिशेब येथे पणांच्या हिशेबात उतरला आहे. तेथे श्रेष्ठाकडे कर्त्याच्या दुप्पट पाप, येथे दोष चालू देणाऱ्या अध्यक्षाला दुप्पट दंड. एकाने दुसऱ्याचा आधार घेतला असे म्हणण्यास पुरावा नाही, आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. धर्मोपदेश आणि दंडनीती या दोन वाटांनी परंपरा एकाच निष्कर्षाला पोहोचली : देखरेखीचे पद हे लाभाचे पद नसून जोखमीचे पद असले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अधिकाऱ्यांच्या परीक्षेचा जो भाग आहे, तोही याच्या जोडीने वाचावा. जिभेवर ठेविलेला मध किंवा विष चाखले न जाणे जसे अशक्य, तसे राजाचे धन हाताळणाऱ्याने ते थोडेही न चाखणे अशक्य, असे कौटिल्य मानतो. म्हणून एका खात्यावर अनेक प्रमुख असावेत आणि त्यांची पदे कायमची नसावीत, असा त्याचा उपाय आहे. मनुष्यस्वभावावर विश्वास न ठेवता रचनेवर विश्वास ठेवण्याची ही पद्धत आहे.

तथापि या रचनेतील फट कौटिल्याला बुजविता आलेली नाही. शेकडा पाच घेणारा आणि शुद्धता राखणारा अधिकारी एकच आहे. डाव जितके अधिक, तितका राजाचा भाग अधिक. आणि अध्यक्षाचे यश कोश मोजून ठरणार. दुप्पट दंडाची तरतूद आहे, पण तो दंड करणाऱ्याचाही त्या कोशाशीच संबंध आहे.

६

स्मृतिकारांत दोन तट दिसतात. मनू द्यूत व समाह्वय दोन्ही राष्ट्रातून हद्दपार करावयास सांगतो. त्याच्या मते ती उघड चोरी होय, आणि ती करणारा व करविणारा दोघेही दंडनीय. याज्ञवल्क्य उलट नियंत्रणाचा मार्ग घेतो. त्याच्या व्यवस्थेत राजपुरुष अध्यक्षाऐवजी ‘सभिक’ आहे, म्हणजे द्यूतगृह चालविणारा धंदेवाईक. मोठ्या जितीतून शेकडा पाच आणि इतरांकडून शेकडा दहा, असे त्याचे वेतन. मराठीत जुगाराच्या अड्ड्याचा मालक डावामागे जी रक्कम काढून घेतो तिला ‘नाल’ म्हणतात. सभिकाचे वेतन ते हेच. राजाने रक्षण केलेल्या सभिकाने राजाला ठरलेला भाग द्यावा. तो भाग पोहोचला असेल, खेळ उघड असेल आणि सभिक हजर असेल, तर जिंकलेले धन राजाने मिळवून द्यावे, एरवी नाही.

या वचनाचा अर्थ नीट पाहिला तर तो अस्वस्थ करणारा आहे. राजाचे संरक्षण येथे राजभागाच्या मोबदल्यात आहे. भाग दिला तर न्याय, न दिला तर नाही. याच प्रकरणात पुढे सांगितले आहे की, द्यूतव्यवहाराचे परीक्षक आणि साक्षी हे द्यूतकारच असावेत. व्यवहाराच्या दृष्टीने यात तथ्य आहे, कारण खेळाचे बारकावे खेळणाऱ्यालाच कळतात. परंतु त्याचा परिणाम असा की, द्यूतसभेवर बाहेरच्या कोणाची नजर उरत नाही. राजा भागीदार, सभिक भागीदार, परीक्षक खेळाडू. कपटी फाशांनी खेळणाऱ्यास डाग देऊन हद्दपार करण्याची शिक्षा याज्ञवल्क्याने सांगितली आहे. कर्तव्य चुकविणाऱ्या सभिकाबद्दल कौटिल्याने जशी दुप्पट दंडाची स्पष्ट तरतूद केली, तशी मात्र येथे दिसत नाही. बृहस्पतीने दोन्ही तटांची नोंद करून समन्वय साधला आहे : सत्य, शुचिता आणि धन यांचा नाश होतो म्हणून मनूने द्यूत निषिद्ध ठरविले, इतरांनी राजभागासह व सभिकाच्या देखरेखीखाली, चोर ओळखता यावेत म्हणून, ते मान्य केले. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात या वचनांचा साक्षेपी परामर्श घेतला आहे.

७

नियमांचे आचरण कसे होते हे पाहावयाचे तर नाटकाकडे वळावे लागते. शूद्रकाच्या मृच्छकटिकाचा दुसरा अंक हा याज्ञवल्क्याच्या व्यवस्थेचे जिवंत चित्र आहे. संवाहक दहा सुवर्ण हरून पळतो. सभिक माथुर आणि जिंकणारा द्यूतकर त्याचा पाठलाग करतात. संवाहक उलट्या पावलांनी रिकाम्या देवळात शिरून मूर्तीसारखा उभा राहतो. ते दोघे तेथेच खेळावयास बसतात, आणि फाशांचा आवाज ऐकून त्याचा संयम सुटतो. प्रेक्षक हसतात. पण पुढे माथुर त्याला मारतो आणि ऋण फेडण्यासाठी स्वतःला विकावयास लावतो, तेव्हा भर रस्त्यावर कोणी राजपुरुष येत नाही. संवाहक जाणाऱ्या-येणाऱ्यांना आपल्याला विकत घेण्याची विनवणी करीत फिरतो. सभिकाला राजाचे संरक्षण आहे. ऋणकोला कोणाचेच नाही. त्याची सुटका होते ती दर्दुरकाने माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकल्यामुळे आणि वसंतसेनेने आपला अलंकार दिल्यामुळे, न्यायामुळे नव्हे.

यानंतर दर्दुरक जे ठरवितो ते समीक्षकांकडून पुरेसे लक्षिले गेलेले नाही. प्रमुख सभिकाशी वैर झाले, आता येथे राहण्यात अर्थ नाही, असे म्हणून तो गोपालपुत्र आर्यकाच्या पक्षास मिळावयास निघतो. नाटकाच्या अखेरीस पालक राजाला उलथून टाकणारे बंड ज्या लोकांच्या बळावर उभे राहते, त्यांत द्यूतसभेत दाद न मिळालेला हा मनुष्य आहे. सभिक हा राज्यव्यवस्थेचा भाग झालेला असल्यामुळे सभिकाशी वैर म्हणजे राज्याशी वैर, हे दर्दुरकाला एका क्षणात कळते.

नवव्या अंकात तेच सूत्र न्यायालयात पुढे जाते. राजाचा मेहुणा शकार फिर्याद घेऊन येतो. आज ती पाहता येणार नाही, असे अधिकरणिक सांगतात. शकार धमकी देतो : राजाला, बहिणीला आणि आईला सांगून या न्यायाधीशाला काढून दुसरा बसवीन. फिर्याद त्याच दिवशी पाहिली जाते. अधिकरणिक मनाने न्यायी आहे. पण त्याचे पद राजाच्या मर्जीवर आहे, आणि निर्णय आपला असला तरी शेष राजाच्या हाती, हे तोच सांगतो. राजा चारुदत्ताला सुळावर देण्याची आज्ञा करतो. दुसऱ्या अंकातील द्यूतसभा आणि नवव्या अंकातील न्यायसभा शूद्रकाने शेजारी ठेविल्या नाहीत, पण दोन्हींचा दोष एक आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिक’मुळे हे नाटक मराठी रंगभूमीचे झाले, तथापि त्याची स्मृती मुख्यतः प्रणयाची व पदांची राहिली, आणि त्यातील राजकीय धागा मागे पडला.

मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातही या प्रश्नाच्या खुणा आहेत. गीतेच्या दहाव्या अध्यायात छल करणाऱ्यांत द्यूत ही विभूती सांगितली आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानदेव जी भर घालतात तिचा आशय असा की, ही चोरी चव्हाट्यावर घडते, तरीही तिचे निवारण कोणाला करता येत नाही. मनूची ‘उघड चोरी’ येथे आहे. पण मनूने राजाला निवारणाची आज्ञा केली होती, ज्ञानदेवांनी निवारणाची अशक्यता नोंदविली. मधल्या काळात राजभागाची व्यवस्था रूढ झालेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या भरीला सामाजिक अर्थ प्राप्त होतो. लीळाचरित्रात पूर्वाश्रमीचे चक्रधर, म्हणजे गुजरातेतील प्रधानपुत्र हरिपाळदेव, द्यूतात हरल्याचा प्रसंग आहे. पत्नीने अलंकार देण्यास नकार दिला आणि पुढे ऋण पित्याने फेडले. तेथे अवमान हा वैराग्याचे निमित्त होतो. तथापि प्रधानाच्या पुत्रालाही द्यूताचे ऋण चुकत नाही, हे त्या कथेतील सहज आलेले वास्तव धृतराष्ट्राच्या सभेशी ताडून पाहण्यासारखे आहे.

८

ही परंपरा आधुनिक भारतीय न्यायव्यवस्थेत प्रत्यक्ष उद्धृत झालेली आहे. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचा प्रश्न होता. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकालपत्रात अक्षसूक्त, महाभारत, मनू, याज्ञवल्क्य, कौटिल्य आणि बृहस्पती यांचा परामर्श घेतला, आणि द्यूताला व्यापार मानून त्यास घटनेचे संरक्षण देता येत नाही, असा निर्णय दिला. न्यायालयापुढील प्रश्नास एवढा आधार पुरेसा होता. परंतु त्यामुळे प्राचीन वचनांतून निंदा तेवढी पुढे आली. अध्यक्षाच्या उत्तरदायित्वाचा भाग निकालाच्या कक्षेबाहेर राहिला. १९६८ च्या सत्यनारायण खटल्यात सिकंदराबाद येथील एका क्लबातील रमीचा प्रश्न आला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, आणि क्लबाने सोयींबद्दल शुल्क घेतले एवढ्यावरून तो जुगाराचा अड्डा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र खेळातून चालकाने लाभ काढल्याचे सिद्ध झाल्यास गोष्ट वेगळी. शुल्क कोठे संपते आणि नाल कोठे सुरू होतो, हा सभिकाचाच जुना प्रश्न.

भारतीय राज्यघटनेने जुगार व पैजा हा विषय राज्यसूचीत ठेविला, त्यामुळे राज्याराज्यांत मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही नांदत आहेत. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांसाठी कायदा केला. तो कधीच अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळास, आणि पुढे १९९६ मध्ये जहाजांवरील खेळास वाट मिळाली. २०१२ च्या दुरुस्तीने नियंत्रक आयुक्ताची तरतूद केली. २०२० मध्ये गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास बंदी अमलात आली, आणि आयुक्ताचे ते काम राज्याच्या करविभागाच्या आयुक्ताकडे सोपविण्यात आले. कर गोळा करणारा आणि देखरेख करणारा एकच, ही कौटिल्याच्या अध्यक्षाची रचना होय. तिच्यातील फट वर दाखविली आहे. फरक एवढाच की, कौटिल्याने त्या अध्यक्षावर दुप्पट दंडाची टांगती तलवार ठेविली होती.

अन्य देशांचा अनुभव तुलनेसाठी उपयोगी आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्यात १९५५ मध्ये जुगारनियंत्रण मंडळ स्थापन झाले ते करआयोगाच्या अंतर्गत. चारच वर्षांनी, १९५९ मध्ये, ते काम करआयोगाकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे देण्यात आले. चौकशी व शिफारस मंडळाने करावी आणि अंतिम निर्णय आयोगाने द्यावा, अशी विभागणी झाली. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्यानंतर जुगाराचे क्लब बेसुमार वाढले, तेव्हा १९६८ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ नेमले. क्लबचालकाला आधी मंडळाची संमती आणि मग स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा परवाना, अशी दुहेरी चाळणी ठेविली. एका खात्यावर अनेक प्रमुख असावेत, या कौटिल्याच्या सूत्राचाच हा आधुनिक अवतार म्हणता येईल. येथे प्रभावाचा दावा अभिप्रेत नाही. समान अडचणीतून समान उपाय सुचतात, एवढेच तुलनेचे फलित आहे. भारतात २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. म्हणजे मनूचा पक्ष पुन्हा एकदा पुढे आला. पण बंदीच्या अंमलबजावणीवर देखरेख कोणाची, हा प्रश्न बंदीनेही संपत नाही.

९

या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, भारतीय वाङ्मयातील द्यूताचा विचार केवळ नीतिपर नाही, तो संस्थापरही आहे. दुसरी, या विचारात तीन भिन्न राजे दिसतात : खेळात गुंतलेला राजा, भाग घेणारा राजा, आणि आपल्याच अध्यक्षाला दंड करण्याची तरतूद करणारा राजा. पहिल्याचा परिणाम सभापर्वात, दुसऱ्याचा मृच्छकटिकात चित्रित झाला आहे. तिसरा केवळ शास्त्रग्रंथात आहे, त्याचे चित्र कोणा कवीने काढलेले आढळत नाही. तिसरी गोष्ट अशी की, त्रयस्थ अध्यक्षाची गरज परंपरेने ओळखली होती, परंतु राजाबाहेरचा त्रयस्थ तिला कल्पिता आला नाही. प्रल्हाद निःपक्षपाती ठरतो तो व्यक्तीच्या थोरवीने, रचनेच्या बळावर नव्हे. प्रत्येक सभेला प्रल्हाद मिळेल असे गृहीत धरता येत नाही, हे विदुराला ठाऊक असावे. म्हणूनच त्याने ती कथा दोनदा सांगितली.

द्रौपदीच्या प्रश्नाला सभेने उत्तर दिले नाही. धृतराष्ट्राने वर दिले, ते अपशकुनांच्या भयाने. निर्णय दिला नाही. वर आणि निर्णय यांतला हा भेद मोलाचा आहे. वर देणारा तो परतही घेऊ शकतो, आणि अनुद्यूताच्या रूपाने तसेच घडले : त्याच सभेत, त्याच अध्यक्षाच्या संमतीने, पांडव पुन्हा खेळावयास बसले आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पत्करून उठले.